लॅपटॉपची खंडेनवमी

१८ ऑक्टोबर २००७, गुरुवार

पाचवं प्रकरण संपलं. म्हणजे मी संपवलं, ते आपणहून संपायला तयारच नव्हतं. आता समारोप, संदर्भसूची आणि गाईडबाईंचे टोमणे एवढंच बाकी. बाई म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध विद्यापीठात जमा करायचा, मुदतवाढ विसर. "घरचं काही कारण मला सांगायचं नाही." मी कधी सांगितलं?

म. ला प्रबंधाचं काही पडलेलं नाही, फक्त मी चिडत नाही ना एवढं बघतो. (नवऱ्याला इथे एकेरीच लिहिणार. घरात दिवसभर अहो-जाहो करून तोंड दुखतं.)

आण्णा दुपारी दाराशी उभे. सासऱ्यांनी सुनेच्या खोलीत यायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे सगळं बोलणं उंबऱ्यावरून. "झालं का गं तुजं कातकाम?" माझ्या लॅपटॉपला ते लेथच म्हणतात, दादाने पुण्याहून त्याचा जुना पाठवला तेव्हापासून. माझा विषय उद्यमनगरातल्या कारखान्यांची बोली, आणि त्यातले निम्मे शब्द आण्णांच्या तोंडचे. मला प्रत्येक शब्द दोनदा सांगायचे, दुसऱ्यांदा हळू, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं.

श्रावणात त्यांनी आपली लोखंड कातायची शेड बंद केली. एका शाफ्टचं माप चुकलं, जॉब परत आला. पार्टी जुनी, काही बोलली नाही, चहा पिऊन गेली. ते न बोलणंच लागलं. "हातात कापरं भरतंय. हात गेला की मिस्त्री गेला." लेथ टेम्पोत चढताना बघायला थांबले नाहीत, तालमीकडे निघून गेले. आता तेलाची बुदली घेऊन घरभर फिरतात. कपाट, फाटक, पंखा, आत्यांचं शिलाई मशीन. आत्या म्हणजे सासूबाई. त्या म्हणतात, "पावणं जरा जास्त बसलं तर त्येंच्या गुडघ्यालाबी घालतील."

२० ऑक्टो., शनिवार. खंडेनवमी

दरवर्षी आज शेडमध्ये लेथ रॉकेलने पुसून, तेल घालून, हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आम्ही सगळे जायचो. यंदा शेडच नाही. सकाळी कुणी विषय काढत नव्हतं. म. ने तर पेपरमागे तोंड लपवलं होतं.

आण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्याशी. "सुनीता, तुजं यंत्र देतीस काय पूजंला? यंदा घरात तेवढंच हाय."

स्कूटी आहे, मिक्सर आहे. म्हणाले, ती वापरायची वस्तू, ज्याच्यावर माणूस काम करतं ते यंत्र. मी लॅपटॉप उचलून त्यांच्या हातात दिला. बाईंकडे समारोपाचा कागद दाखवायला जायचं होतं, गेले.

परत आले तर पाटावर नवा टॉवेल, त्यावर लॅपटॉप. इतका चकचकीत मी कधी केला नव्हता. झाकणावर स्वस्तिक, वर हार, लिंबू, पुढे नारळ. शेजारी आण्णांचं व्हर्नियर, मापाचं तेवढं एकच हत्यार त्यांनी विकलं नाही. आण्णांच्या चेहऱ्यावर श्रावणानंतर पहिल्यांदा रंग. "झ्याक दिसतंय का न्हाई?" डोळे भरून आले, स्वयंपाकघरात पळाले. आत्या कांदा चिरत होत्या म्हणून निभावलं.

"आज त्येला हात लावायचा न्हाई. आज त्येची सुट्टी."

बरं. माझीही सुट्टी.

२१ ऑक्टो., रविवार. दसरा

सोनं वाटून सगळे घरी आले. आण्णा: "आता चालू कर. मी बघणार हाय."

खुर्ची आणून उंबऱ्याच्या बरोबर बाहेर ठेवली. मी बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही, काहीच नाही. आण्णा पुढे वाकून बघतायत.

"काय झालं गं?"

"चार्जिंग संपलंय."

दसऱ्याच्या दिवशी थाप. जेवणानंतर चार्जर लावून पाहिला. चार्जरचा हिरवा दिवा छान लागतो, लॅपटॉप मख्ख. म. म्हणाला, "त्याला सुट्टी आवडली." मारणार होते.

पेनड्राइव्हवर फक्त तिसऱ्या प्रकरणापर्यंत आहे. पुढचं सगळं ह्याच्या पोटात.

२२ ऑक्टो., सोमवार

सकाळी आण्णा देवळात गेले तसा दादाला पुण्याला फोन. तो ऑफिसात, हळू आवाजात सांगत होता, जणू बँक लुटायचा बेत आहे. "बॅटरी काढ. चार्जर काढ. आता बटन दाबून धर. धरलंस? अजून धर." धरलं. "आता बॅटरीशिवाय नुसता चार्जर लाव." लावला. काही नाही. "पंखा फिरतोय का ऐक." कान लावला. काही नाही.

कान लावला तेव्हा वास आला. ओळखीचा. शिलाई मशीनच्या तेलाचा.

लॅपटॉप उलटा केला. हवेच्या जाळीत हळद. कीबोर्डच्या बटनांच्या फटीत अक्षता. एक बटन दाबलं तर बाजूने तेल वर आलं. बिजागऱ्या तर अशा तुळतुळीत की झाकण बोटाने ढकललं की पडतं. आण्णांनी लेथचं करतात ते सगळं याचं केलंय. पुसलं, तेल घातलं, तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं.

दादाला म्हटलं, कळलं रे. काय कळलं विचारायला लागला, सांगितलं नाही.

म. दुपारी जेवायला आला तेव्हा दाखवलं. हसत सुटला. मग: "आण्णांना सांगू नको."

मलाही तेच वाटत होतं. हात गेला म्हणून घरी बसलेला माणूस. त्याच हाताने सुनेचं यंत्र बंद पाडलं हे कळलं तर पुन्हा कशालाच हात लावणार नाहीत. प्रबंधाचं मी रडून-ओरडून काहीतरी करीन, त्यांचं काय करणार?

२३ ऑक्टो., मंगळवार

लॅपटॉप साडीच्या पिशवीत घालून घराबाहेर काढला. आण्णांना सांगितलं, बाईंना तपासायला हवाय. थाप दुसरी.

राजारामपुरीत इरफानचं दुकान. म. च्या ओळखीचा, कॉम्प्युटरचाच इंजिनिअर, हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड. खालचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"वैनी, ह्यात तेल कुणी घातलंय?"

"पूजा झाली."

"तरीच!" आणि मोठ्याने हसला. "दसरा झाला की एखादा असा येतोयच. गेल्या साली एकानं ह्याच्यावरच नारळ फोडला. पण हे कुणीतरी मिस्त्री माणूस दिसतंय. बिजागरीत बघा, बरोबर सांध्यात तेल. एक थेंब भायेर न्हाई. बटनांनाबी तसंच, एकेकाच्या बुडात. आवो, हात बघा की त्या माणसाचा!"

मी म्हटलं, सासरे. तो हसायचा थांबला.

तेल एवढं मारक नाही म्हणे, पाणी वाईट. बोर्ड काढून वाळवतो, साफ करतो. हार्डडिस्क वाचलेली असणार, पण बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

येताना महाद्वार रोडला उगाच हिंडले. घरी गेले की आण्णा विचारणार.

२४ ऑक्टो., बुधवार

विचारलंच. "बाई काय म्हनल्या?"

"आवडलं."

"चालवाया हलकं झालंय का न्हाई? झाकण करकरत हुतं तुजं. म्या सांध्यास्नी तेल सोडलंय. सांग बाईस्नी, आता वर्षभर बघाया नगं."

"सांगते" म्हटलं.

आत्यांना खरं सांगावं लागलं, नाहीतर त्या बाईंना फोन लावून लॅपटॉप परत मागतील. ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या, मग डोळे पुसले, मग म्हणाल्या, "माज्या पोटात काय ऱ्हात न्हाई, तुला म्हाईत हाय. मला कशाला सांगितलंस?" आता त्या आण्णा समोर आले की देवघरात जातात. दिवसभर देवघरात. आण्णांना वाटतंय बायको अचानक भाविक झाली.

२६ ऑक्टो., शुक्रवार

इरफानचा फोन. हार्डडिस्क जिवंत! दुसऱ्या मशीनला जोडून दाखवली. प्रबंध उघडला तर पानभर चौकोन, टिंबं आणि कुठेतरी एखादा 'ळ'. खाली-वर करून पाहिलं, सगळीकडे तेच. इरफान म्हणाला, "आवो फॉन्ट न्हाई माझ्याकडं, घाबरताय काय." फॉन्टची सीडी घरी, स्कूटी पिटाळत आणली. सीडी घातली आणि ओळीच्या ओळी मराठी होत गेल्या. पाचही प्रकरणं. त्याच्या दुकानातच रडले. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत.

लॅपटॉप मात्र उठत नाही. बोर्ड अजून वाळतोय.

गाईडबाईंकडच्या कॉम्प्युटरवर पुढचं करायचं ठरलं. म्हणजे "बाईंकडे आहे" ही थाप आता निम्मी खरी झाली.

२८ ऑक्टो., रविवार

आज वाईट झालं. क्रमाने लिहिते.

आण्णांनी तालमीत सांगितलेलं दिसतंय, सुनेच्या कॉम्प्युटरचं सर्व्हिसिंग मी केलं. सकाळी गल्लीतला सुरेश टायपिंगवाला दारात. "आण्णा, वैनींचं मशीन लई भारी केलासा म्हणं. आमचं डबडंबी बघा की दिवाळीच्या आदी. धुळीनं भरलंय."

आण्णा उठले. पेटीतून शेडवरचा निळा शर्ट काढला. श्रावणापासून तो अंगावर बघितला नव्हता. खिशात फडकं, हातात बुदली, आणि निघाले. ताठ. आत्या देवघरातून बाहेर आल्या. म. माझ्याकडे बघतोय, मी म. कडे.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"तुझं ऐकतात," तो म्हणाला.

तशीच अनवाणी धावले. दुकानात पोचले तर कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलेलं, आण्णा आत बुदली वाकवतायत. उजवा हात थरथरू नये म्हणून डाव्या हाताने मनगट धरलेलं. मला अजून तेच दिसतंय.

"आण्णा, थांबा."

"काय झालं?"

"कॉम्प्युटरला तेल चालत नाही."

"सांध्याला गं. इल्लंसं."

"एवढंसंही नाही."

सुरेश एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. आण्णांनी बुदली सरळ केली. माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. माणूस खुळा नाही.

"तुजं यंत्र बाईंकडं न्हाई." हा प्रश्न नव्हता.

"नाही."

"बंद पडलंय."

"हो."

बुदलीचं तोंड फडक्याने पुसलं, टोपण लावलं. सुरेशला म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी दाखव बाबा." बाहेर आले. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून: "आन् तू लिव्हलेलं?"

"सगळं मिळालं, आण्णा. एक अक्षर गेलं नाही."

"मग बरं."

घरी आले. निळा शर्ट काढला, घडी घातली, पेटीत ठेवला. बुदली आत्यांना दिली. "ठेव कुटंबी."

म. वर तोंडसुख घेतलं. सांगू नको कुणी म्हटलं होतं? "तू तरी कुठं सांगितलंस," म्हणाला. ते खरं आहे म्हणून जास्त राग आला. सहा दिवसांपूर्वी घरात, हळूच सांगितलं असतं. तसं न करता चारचौघांत, त्या सुरेशसमोर.

३० ऑक्टो., मंगळवार

आण्णा जेवतात, झोपतात, बोललं तर बोलतात. पण हात मांडीखाली घेऊन बसतात. चहाचा कप आत्यांनी तोंडाशी न्यावा अशी परिस्थिती नाही, तरी अर्धाच भरून मागतात. मोरीचा नळ कालपासून गळतोय. पूर्वी नळाला गळायची हिंमत नव्हती.

मी दोनदा समोर जाऊन बसले. "आण्णा, मला राग नाही आला." "व्हय गं, म्हाईत हाय." संपलं.

मला राग आलेलाच नाही, हे खरं आहे. पाटावरचा तो लॅपटॉप आठवला की अजून भरून येतं. माझ्या कामाच्या यंत्राला आधी कुणी हार घातला नव्हता. माहेरी मलकापूरला अजून विचारतात, "संपलं का तुझं ते टायपिंग?"

२ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रबंध जमा. पावती मिळाली. बाई चक्क हसल्या. आत्यांनी शिरा केला.

आण्णांच्या पाया पडले. ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचं आहे, पान उघडून दाखवलं. चष्मा लावून वाचलं. "छापलंय व्हय," म्हणाले. डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, थरथर मला कळू नये म्हणून. कळली.

६ नोव्हें., मंगळवार

इरफानकडे. बोर्ड स्पिरिटने धुतला, वाळला. टेबलावर कधी उठतो, कधी नाही. त्याचा संशय आता कीबोर्डवर. हळद आणि तेल मिळून आत चिकट थर झालाय, बटनं दाबलेलीच राहतात, त्यामुळे मशीन बिचकत असेल. एकेक बटन उचकटून, पुसून, परत बसवायला पाहिजे. नवा कीबोर्ड पुण्याहून कधी येईल सांगता येत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला मान वर करायला वेळ नाही.

"घरी केलं तर?"

"करा की. कापूस आन् स्पिरिट देतो. पाणी न्हाई, तेल न्हाई. बटनाखाली बारीक चाप असतोय, तो मोडला की गेलं. हात हलका पायजे, वैनी."

स्कूटीवर घरी येईपर्यंत तेच एक वाक्य डोक्यात.

७ नोव्हें., बुधवार

दुपारी पुढच्या सोप्यात पेपर अंथरला. लॅपटॉप, कापूस, स्पिरिटची बाटली, आत्यांच्या भुवयांचा चिमटा. आण्णांसमोर.

"मला नगं सांगू. माजा हात ऱ्हायला न्हाई."

मी समजुतीने बोलणार होते. तसं ठरवून आले होते. पण श्रावणापासूनचं सगळं एकदम वर आलं आणि ओरडलेच. सासऱ्यांवर. आत्या चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बाहेर आल्या.

म्हटलं, "आण्णा, चुकलं ते तेल चुकलं. हात चुकला नाही. इरफानने उघडून बघितलं. बरोबर सांध्यात तेल होतं, एक थेंब बाहेर नव्हता. मला म्हणाला, हात बघा त्या माणसाचा. कॉम्प्युटर तुम्हाला माहीत नाही, एवढंच. मला लेथ माहीत आहे का? आणि पूजेला मीच दिला ना उचलून? मग माझेही हात घेते मांडीखाली आणि बसते."

आणि बसले खरंच. शेजारी. हात मांडीखाली.

आत तेल तापून धूर यायला लागला तशा आत्या पळाल्या.

"एक थेंब भायेर न्हवता?"

"नाही."

"असं म्हनला त्यो?"

"अस्संच."

"शिकल्याला हाय काय?"

"इंजिनिअर आहे."

मग: "चष्मा आन गं माजा."

८ नोव्हें., गुरुवार

दुसरा दिवस चालू आहे. आण्णा एक बटन उचकटतात, मी कागदावर जागा मांडते, ते कापसाने पुसतात, बसवतात. हात थरथरतोच. ते थांबतात, थरथर जाऊ देतात, मग चिमटा पुढे. मध्येच मदतीला हात पुढे केला तर, "लांब व्हय." हा आवाज शेडमधला. किती दिवसांनी ऐकला.

काढलेली बटनं आत्यांच्या फराळाच्या ताटात. "मग मी चकल्या कशात काढू? ह्या यंत्रात?" सकाळी एक बटन चिमट्यातून उडालं ते थेट चिवड्याच्या पातेल्यात. आण्णा, आत्या, म., मी, चौघं पातेल्याभोवती. म. ला सापडलं, खोबऱ्याच्या कापाशेजारी. आण्णा इतके हसले की चष्मा काढावा लागला.

एका बटनाचा चाप मोडला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मोडका तुकडा हातावर घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. "लईच बारीक करून ठेवलंय की गं हे." आणि पुढचं बटन घेतलं.

९ नोव्हें., शुक्रवार. लक्ष्मीपूजन

दुपारी संपलं. मोडक्या चापाचं तेवढं एक बटन हलतंय, बाकी सगळी टकाटक खाली-वर होतात. इरफानला फोन लावला, त्याने सांगितलं तशी कीबोर्डची आतली पट्टी आण्णांनी बसवली. पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग बसली. स्क्रू पिळले. कोरड्या फडक्याने झाकण पुसलं. स्वस्तिकाची पिवळी खूण निघत नाही, राहू दे म्हटलं.

मी चार्जर लावला आणि बटनाकडे बोट नेलं.

"आज न्हाई," आण्णा म्हणाले. "आवस हाय. उद्या पाडवा, सकाळी दाबूया. तूच दाब."

काल-परवापासून मी हाच विचार बाजूला ढकलत होते, ते आता कळलं. बटन दाबलं आणि पुन्हा तसंच मख्ख राहिलं तर? परत हात मांडीखाली? म. ने मला खुणावलं, बोलू नको. पण न बोलण्याचे घोळ पुरे झाले.

"आणि नाही झालं सुरू तर, आण्णा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेडमध्ये नव्या कामगाराने खुळ्यासारखं काही विचारलं की बघायचे, तसं.

"तर परत खोलायचं की. त्यात काय!"

आणि पूजेची वेळ झाली म्हणून हात धुवायला उठले.